चूक कुणाच्या नावावर

केटल फोर्क, ओहायो
सोमवार, १२ ऑगस्ट २०१९
सकाळचे साडेनऊ

प्रिय रॉयस,

पाकिटावरचं नाव वाचून तू आधी एक शिवी हासडली असशील आणि मग बायकोला हाक मारली असशील, की बघ गं, कोण मेलेला जिवंत झालाय. तिला माझी आठवण सांग. तू मजेत असशील अशी आशा आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मजेत आहेस हे मला ठाऊकच आहे. आमच्या नातीने तिच्या फोनवर तुझा फोटो शोधून दिला. आर्कान्सात पोरांना बेसबॉल शिकवतोस म्हणे. पोट सुटलंय, टोपी अजून उलटीच, आणि हसतोयस असा की जन्मात कुणी तुझं काही वाईट केलेलं नाही. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. कुठे काही दुखतंय का तुझं, ते शोधत होतो. सापडलं नाही, आणि मला त्याचा राग आला.

इकडे सगळं ठीक. आमच्या बायकोचं, मार्लीनचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता ती माझ्यापेक्षा भरभर चालते आणि हे मला रोज ऐकवते. टोमॅटो यंदा इतके आलेत की पिशवी घेऊन निघालो की शेजारी दार लावून घेतात. शाळेतली गणिताची नोकरी सोडून चार वर्षं झाली. क्लबचा स्कोअरर मात्र अजून आहे, सतरा वर्षं. आपल्या वेळी औषधाच्या दुकानाचा मालक म्हातारा फेन्सलर जिथे बसायचा त्याच खुर्चीत बसतो. गादी नवी आहे, खुर्ची तीच.

तू म्हणशील, वॉल्ट डुडाश अठ्ठावीस वर्षांनी पत्र लिहितो आणि टोमॅटो काय सांगत बसलाय. थांब, सांगतो. मला कालच्या सामन्याबद्दल सांगायचंय. कालचा माझा निर्णय बरोबर होता, हे आधीच सांगून ठेवतो.

काल इथे ‘वॉल्ट डुडाश दिवस’ होता. हसू नकोस. क्लबचा नवा मालक माझ्या निम्म्या वयाचा आहे, त्याच्या डोक्यातून निघालेलं हे खूळ. पस्तीस वर्षांपूर्वी याच तारखेला मी नो-हिटर टाकला, या मैदानावरचा आजवरचा एकुलता एक, म्हणून पहिल्या हजार प्रेक्षकांना माझी बाहुली फुकट. मान हलवणारी बाहुली. नाक माझं आहे, हनुवटी दुसऱ्याच कुणाची तरी आहे. मार्लीन म्हणाली, “हो म्हणून मान हलवणारा वॉल्ट मी पहिल्यांदाच बघतेय. एक घरी नेऊ या.”

नवी सूनही आली होती. ती कॅनडाची, बर्फावरच्या हॉकीत वाढलेली, तिला यातलं ओ की ठो कळत नाही. तिने विचारलं, “नो-हिटर म्हणजे काय हो?”

मी म्हटलं, “पूर्ण सामन्यात, म्हणजे प्रत्येकी तीन बादच्या नऊ इनिंगमध्ये, समोरच्या एकाही फलंदाजाला स्वतःच्या फटक्यावर बेस गाठता आला नाही पाहिजे. एकसुद्धा हिट नाही.”

“आणि फटका साधाच होता, पण आपल्याच माणसाच्या हातून सुटला म्हणून तो पोचला, तर?”

“तर ती त्या क्षेत्ररक्षकाची चूक. एरर. ती त्याच्या नावावर लिहितात. चेंडू टाकणाऱ्याचा, म्हणजे पिचरचा, नो-हिटर शाबूत.”

“बिचारा. आणि फटका चांगला होता की हा चुकला, हे ठरवतं कोण?”

“मी.”

“म्हणजे इथले देवच की तुम्ही,” ती म्हणाली, आणि मला ते इतकं आवडलं की मी तिला स्वतःच्या पैशाने दुसरा हॉट डॉग घेऊन दिला. सरळ सांगतो तुला.

आता कालच्या पिचर पोराबद्दल. कोल्बी राइनहोल्ट नाव. नेब्रास्काचा, एकवीस वर्षांचा, कान बाहेर आलेले. जुलैत आपल्याकडे आला. आल्या दिवशी चाळीस पायऱ्या चढून माझ्या स्कोअररच्या खोलीत आला, हात मिळवला आणि म्हणाला, “सर, मैदानाच्या भिंतीवर नो-हिटरखाली लिहिलेलं नाव तुमचं ना? मला तो दिवस एकदा सांगाल?” मी सांगितला. तुझ्यासकट सांगितला. कसा सांगितला ते पुढे येईलच.

मी सगळा जन्म डोकं वापरून चेंडू टाकला, कारण हातात तेवढं नव्हतं. हा डोकं वापरत नाही. हात वर करतो आणि चेंडू कॅचरकडे पोचलेला असतो. तो सराव करताना मी वरून बघतो आणि माझ्या पोटात दुखतं. मार्लीनला मी म्हणतो की कॉफी बाधली.

काल चार इनिंग झाल्या, एक हिट नाही. म्हटलं, चार म्हणजे काय. सहा झाल्या. खाली त्याच्या बाकावर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकाम्या झाल्या. तुला माहीतच आहे, नो-हिटर चालू असला की पिचरशी कुणी बोलत नाही, तो शब्दही कुणी उच्चारत नाही. आमच्या खोलीतसुद्धा सगळे गप्प. आणि बाहेर लोक “कोल्बी, कोल्बी” करायला लागले. माझ्या दिवशी. माझ्या बाहुल्या हातात धरून. सातव्या इनिंगपासून मी समोरच्या टीमच्या प्रत्येक फलंदाजासाठी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो, की बाबा, एक मार, एकच मार. स्कोअररने असं करायचं नसतं. मी केलं.

आठवी इनिंग, दोघे बाद. फटका शॉर्टस्टॉपकडे गेला. आमचा शॉर्टस्टॉप विल्किन, डॉमिनिकन आहे, एकोणीस वर्षांचा. तू उभा राहायचास तिथेच, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये तो उभा असला की मी कधीकधी नाव चुकतो, इतके त्याचे हात तुझ्यासारखे आहेत. चेंडू जमिनीवरून त्याच्याकडे आला, त्याच्या ग्लव्हला लागला, बाहेर पडला, त्याने तो उचलून फेकेपर्यंत फलंदाज पहिल्या बेसवर पोचला होता.

चार हजार लोकांनी मान वळवून वर माझ्याकडे पाहिलं.

“हिट,” मी माइकमध्ये म्हणालो. “टप्पा वाईट पडला.”

आमच्याकडे फलकाची बटणं दाबायला एक पोरगी असते, कॉलेजात शिकते. तिने बटणावरचं बोट तसंच ठेवलं. “मिस्टर डुडाश, नक्की?”

“टप्पा वाईट होता.”

“मला नाही दिसला.”

“तू वीस वर्षांची आहेस.”

“म्हणून तर दिसतं ना मला,” ती म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.

फलकावर शून्याचा एक झाला. लोकांनी मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही, तू ते सगळं आयुष्यात ऐकलेलं आहेस. एकाने तर बाहुली फेकून मारली. कोल्बीने पुढच्या चार फलंदाजांना बाद केलं, सामना तीन-शून्य जिंकला, आणि तो टोपी काढून प्रेक्षकांकडे न बघता आत गेला. एका हिटचा सामना. चांगला सामना, पण असे वर्षाला चार होतात.

मी वही आवरत होतो तेव्हा जिन्यावर खिळ्यांच्या बुटांचा आवाज आला. विल्किन. घामाने निथळत होता, ग्लव्ह हातात. त्याला इंग्रजी थोडंच येतं, त्यामुळे तो गोल गोल बोलत नाही.

“सर. माझी चूक. माझ्या नावावर लिहा.”

“टप्पा वाईट होता, पोरा. तुझा दोष नाही.”

“नाही, सर. टप्पा चांगला. मी वाईट.” त्याने ग्लव्ह उघडून मनगटाजवळची जागा दाखवली. “इथे लागला. इथे नको लागायला.”

“निर्णय झाला.”

“कोल्बी माझा दोस्त आहे.”

“निर्णय झाला म्हटलं ना.”

तो खाली गेला. चाळीसच्या चाळीस पायऱ्यांवर त्याच्या बुटांचा आवाज मला ऐकू आला. घरी जेवताना मार्लीनने माझ्यासमोर मक्याचं कणीस ठेवलं आणि ती म्हणाली, “काल कुठला खेळाडू नाकात बोट घालतो तेसुद्धा सांगत होतास. आज एक शब्द नाही.” मी म्हटलं, लोक मूर्ख आहेत, त्यांना नियम कळत नाहीत. ती म्हणाली, “बरं.” तिचं ‘बरं’ तुला आठवत असेल.

नियमाप्रमाणे स्कोअररला आपला निर्णय चोवीस तासांत बदलता येतो. सामना काल दुपारी तीन चाळीसला संपला. आत्ता सव्वादहा झालेत. लीगच्या ऑफिसचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. पण बदलायचं काय? निर्णय बरोबर आहे, मी वर लिहिलंच आहे.

कॉफी घेऊन परत बसलो. वरची ओळ खोडणार होतो, पण राहू दे. चोराच्या मनात चांदणं कसं असतं ते तुलाही कळू दे.

रॉयस, काल टप्पा वाईट नव्हता. सरळ, साधे दोन टप्पे होते, आमच्या नातीने घेतला असता असा चेंडू. वाईट टप्पा तुझ्या चेंडूला पडला होता, चौऱ्याऐंशी साली. मी तुझा टप्पा उचलून काल विल्किनच्या चेंडूला लावला. हातात माइक होता, तोंडातून तेच आलं.

आता त्या दिवसाचं लिहितो. तू तिथे होतास, तरी लिहितो, कारण मी तो दिवस पस्तीस वर्षं इतक्या लोकांना खोटा सांगितलाय की एकदा तरी खरा लिहून काढला पाहिजे.

नववी इनिंग होती, एक बाद होता. त्या डावखुऱ्याने फटका तुझ्याकडे मारला. चेंडू गवताच्या कडेला आपटला, दगड होता की माती होती कोण जाणे, आणि तुझ्या खांद्यावरून उडून गेला. साक्षात देव तिथे उभा असता तरी त्याच्या हाती तो लागला नसता. फेन्सलरने फलकावर काहीच लावलं नाही. म्हणाला, संपल्यावर बघू. मी पुढचे दोघे बाद केले, सामना संपला, आणि आपण सगळे आत जाऊन बसलो. कुणी आनंद करेना, कारण काय झालंय तेच ठरलेलं नव्हतं.

मग फेन्सलर चष्मा पुसत आत आला. “पोरांनो, त्या चेंडूच्या वेळी माझ्यासमोर एक बाई छत्री उघडून उभी राहिली. मला खरं सांगा, टप्पा वाईट पडला का?”

सगळ्यांना माहीत होतं की पडला, म्हणजे ती हिट, म्हणजे नो-हिटर गेला. कुणी बोलेना. माझा नो-हिटर होता, म्हणून बोलायचं ते मी बोलायला हवं होतं. आणि तुझं काय होतं तेही सगळ्यांना माहीत होतं. त्या सामन्याआधी सलग चौसष्ट सामने एकही चूक नाही. लीगच्या इतिहासात शॉर्टस्टॉपचा विक्रम सहासष्टचा. तो सामना धरून आणखी तीन बिनचूक खेळलास की तुझं नाव सगळ्यांच्या वर. वरच्या लीगमधल्या मोठ्या क्लबला सप्टेंबरसाठी शॉर्टस्टॉप हवा होता, त्यांचा माणूस तीनदा येऊन तुला बघून गेला होता.

तू माझ्यासमोरच्या बाकावर होतास. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, नुसतं पाहिलंस, की वॉल्ट, काय सांगू या?

मी खाली वाकलो, माझ्या बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि परत बांधली.

मी वर बघायच्या आत तुझा आवाज आला. “टप्पाबिप्पा काही नाही, मिस्टर फेन्सलर. मी उभ्या उभ्या डुलकी काढत होतो. लिहा माझ्या नावावर.”

फेन्सलरने तिथेच उभ्या उभ्या वहीत लिहिलं. मग पोरांनी माझ्या डोक्यावर बिअर ओतली, थोडी तुझ्याही डोक्यावर ओतली. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. मोठ्या क्लबच्या मालकाने तो पाहिला, आणि शॉर्टस्टॉप राहिला बाजूला, त्यांना तिकिटं विकणारा पिचर हवा झाला. अकरा दिवस मी तिथे होतो. दोन इनिंग टाकल्या, पाच धावा दिल्या. पुढल्या वसंतात क्लबने तुला घरी पाठवलं आणि तू छपरं शाकारायला लागलास.

त्यानंतर दर नाताळात तुझं कार्ड यायचं, आत नुसती सही. मी कधी उत्तर दिलं नाही. एक्याण्णव साली आपला मॅनेजर गेला तेव्हा दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे जेवत होतो. तू हातात कागदी बशी घेऊन माझ्या शेजारी उभा होतास, आणि मी तुझ्या खांद्यावर हात टाकून लोकांना सांगितलं, “हाच तो. नवव्या इनिंगमध्ये सोपा चेंडू सोडला पठ्ठ्याने. माझा जीवच घेतला होता.” सगळे हसले. तूही हसलास. बशी टेबलावर ठेवलीस, मार्लीनला भेटलास आणि गेलास. त्या नाताळात कार्ड आलं नाही. मी तेव्हा मार्लीनला म्हणालो होतो, रॉयसला थट्टा सहन होत नाही.

कोल्बीलाही मी जुलैत तो दिवस असाच सांगितला. “आमच्या शॉर्टस्टॉपने घोळ घातला होता, पण मी डोकं शांत ठेवलं.” पोराने मान डोलावली, जणू मी त्याला काही शिकवत होतो.

तुला वाटत असेल की मला नो-हिटर हवा होता म्हणून मी नाडी बांधली. मीही स्वतःला तेच सांगत आलो. तरुण होतो, मोह पडला, कुणालाही पडला असता. तसं असतं तर बरं झालं असतं.

तू “माझ्या नावावर” म्हणालास तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट नो-हिटर आली नाही. पहिली गोष्ट आली ती अशी, की मोडले याचे चौसष्ट. आणि मला जो काही आनंद झाला, रॉयस, त्याची मला अजून लाज वाटते. मला तुझी चूक हवी होती. नो-हिटर नंतर आठवला, बिअर डोक्यावर पडल्यावर.

मी तुझ्यावर जळत होतो. मी सकाळी सातला मैदानावर यायचो, तू दहाला, तोंडात डोनट. तू बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपायचास आणि उतरून असा खेळायचास की बघत राहावं. तुझ्या शेजारी बसायला पोरं भांडायची. मलाही तुझ्याच शेजारी बसायचं असायचं, आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच होता. मग तू ते तसं सहज देऊन टाकलंस, कुणी उरलेलं सँडविच द्यावं तसं, आणि त्या दिवसापासून माझा जळफळाट कमी व्हायचा तो दुप्पट झाला. हातांचं समजू शकतो, हात जन्मानेच मिळतात. पण हे तू कुठून आणलंस? मला नाही जमलं ते. कालही नाही जमलं. उलट जो पोरगा तेच करायला चाळीस पायऱ्या चढून आला त्याला मी हाकलून दिलं. तो दारात उभा होता तेव्हा मला कोल्बीच्या हाताचा हेवा वाटत नव्हता, त्याच्यासाठी कुणीतरी जिना चढून आलं याचा वाटत होता. आणि माझ्यासाठीही कुणी होतं, त्याला मी पस्तीस वर्षं विनोदात वापरलं.

एक वाजायला आला. मार्लीन जेवायला हाक मारतेय.

संध्याकाळचे पाच

मी फोन केला. अडीच वाजता केला. मार्लीन समोर बसून टोमॅटो चिरत होती, तिने वर पाहिलं नाही, पण सुरी थांबली.

लीगच्या ऑफिसातली बाई तरुण होती आणि घाईत होती. “आठवी इनिंग, हिटचा एरर करायचाय, शॉर्टस्टॉपच्या नावावर. बरोबर? म्हणजे सर, हा नो-हिटर झाला?”

“झाला.”

“अरे वा. निर्णय बदलण्याचं कारण?”

“मत्सर,” मी म्हणालो.

“सर, माझ्यासमोर तीनच पर्याय आहेत. व्हिडिओ पाहून, पंचांशी बोलून, आणि लिहिताना गफलत.”

“मत्सर नाही त्यात?”

“नाही, सर. व्हिडिओ टाकते.”

मी तिला विचारलं की चौऱ्याऐंशी सालचा एक निर्णय आहे, तो बदलायचा असेल तर काय करावं लागेल. तिने विचारलं की तेव्हाचे स्कोअरर आहेत का. म्हटलं, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. ती म्हणाली, “मग नाही होणार, सर. चोवीस तासच असतात.” तिने ते चांगल्या शब्दांत सांगितलं.

क्लबच्या मालकालाही फोन केला, म्हटलं की भिंतीवरचं माझं नाव काढा. त्याला वाटलं मी रुसलोय. म्हणाला, “अहो मिस्टर डुडाश, आता दोन नावं होतील, अजून मजा. आणि बाहुल्या दोनशे उरल्यात.” त्याच्यापुढे मी हात टेकले.

मग पोरांना शोधत निघालो. आज टीमला सुट्टी. दोघे लॉन्ड्रीत होते, मशीनसमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून एकाच पुड्यातले चिप्स खात. मला बघून दोघे उभे राहिले. मी म्हटलं, “विल्किन, तुझी चूक तुझ्या नावावर लिहिली.” त्याने मुठी वळल्या आणि कोल्बीला अशी मिठी मारली की चिप्स जमिनीवर पडले. स्वतःच्या चुकीवर इतका खूश झालेला माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला; चौऱ्याऐंशीत तुझा चेहरा पाहायला हवा होता, तेव्हा मी खाली बघत होतो.

कोल्बीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो खुर्चीत बसला आणि आईला फोन करू का म्हणून त्याने मलाच विचारलं. म्हटलं, कर, पण आधी ऐक. मग मी त्याला तो दिवस पुन्हा सांगितला, नाडीसकट. मशीन घरघरत होती, मला दोनदा मोठ्याने बोलावं लागलं. त्याचा चेहरा पडला. त्यानंतर त्याने मला ‘सर’ म्हटलं नाही. बरोबरच केलं. त्याने तुटक्या स्पॅनिशमध्ये विल्किनला सगळं सांगितलं, आणि विल्किन माझ्याकडे वळला.

“तो शॉर्टस्टॉप. जिवंत?”

“आहे. आर्कान्सात.”

“त्याला सांगितलं?”

“पत्र लिहितोय.”

“टेलिफोन नाही?”

“फोनवर मी विषय बदलेन,” मी म्हटलं. त्याने कोल्बीकडे पाहिलं, कोल्बीने ते त्याला समजावलं, आणि विल्किनने मान हलवली. पटलं त्याला.

मी सुधारलो वगैरे समजू नकोस. हा कोल्बी दोन वर्षांत मोठ्या क्लबात असेल, मी टीव्हीवर त्याला बघेन आणि माझ्या पोटात दुखेल. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसलाच मी. तुझा तो फोटोही मी आज परत उघडला. अजून राग येतो. पण आज त्यात मी काही शोधत बसलो नाही.

माफ कर, रॉयस. हे मी नाडी बांधून वर बघितलं तेव्हाच म्हणायला हवं होतं. तू उत्तर दिलं नाहीस तरी मला कळेल.

वहीतलं आता कुणालाच बदलता येत नाही, म्हणून इथे लिहून देतो. हे पत्र तू ठेव, जाळ, पेपरात छाप, त्या तुझ्या पोरांना वाचून दाखव, तुझी मर्जी. पण खालच्या तीन ओळी मी शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने, स्कोअरर म्हणून लिहिल्या आहेत.

११ ऑगस्ट १९८४. नववी इनिंग, एक बाद. फटका शॉर्टस्टॉपकडे, टप्पा वाईट.
निर्णय: हिट.
रॉयस टिबेट, सलग पासष्ट सामने, चूक नाही.

तुझा,
वॉल्टर डुडाश
त्या सामन्यात एक हिट दिलेला पिचर